तीस सेकंदांची शांतता

मी आज जिवंत आहे तो रेवती दामले यांच्यामुळे. त्या एका वृत्तवाहिनीच्या परदेश प्रतिनिधी होत्या. गंगापूरजवळच्या आमच्या धनगरवस्तीवरचा मी पहिला बी.ए. तरीही असं काम असतं, हे मला लष्करात हवालदार होऊन शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेल्यावर कळलं.

दामले मॅडम कॅमेरा आणि माइक एकट्याच सांभाळायच्या. त्यांच्या एस्कॉर्टचा कमांडर मी होतो. बरोबर पाच जवान. चित्रीकरण संपलं की मॅडम सगळ्यांना तीस सेकंद गप्प उभं करायच्या. त्या जागेचा नुसता आवाज त्यांना रेकॉर्ड करायचा असे. दौलताबादचा लान्स नाईक बनसोडे तेवढ्यात हमखास खाकरायचा.

"बनसोडे, हेही बातमीत जाईल."

"जाऊ द्या मॅडम. आई ऐकंल तरी."

शेवटच्या दिवशी आम्ही जळालेल्या गावातून परतत होतो. रस्त्यावर एकही माणूस नव्हता. वाटेत थांबू नये, असा हुकूम होता. पुलाअलीकडं मॅडमनी तीस सेकंद मागितले. मी हो म्हटलं. नऊ चाळीसला गाडी थांबली, इंजिन बंद केलं.

सगळे गप्प. बनसोडे खाकरला. मॅडम रागावल्या नाहीत. हेडफोन कानाशी दाबून हळूच म्हणाल्या, "उजवीकडं गवतात कुणीतरी कुजबुजतंय."

"टेक कव्हर!" मी ओरडलो.

आम्ही नाल्यात उड्या टाकल्या आणि फायर सुरू झाला. मॅडमना आत ढकलणारा बनसोडे वरच राहिला. रेडिओचा स्विच माझ्या बोटाखालून दोनदा निसटला.

"कॉन्टॅक्ट. पुलाजवळ. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"होल्ड पोझिशन. आउट."

फायर थांबल्यावर त्याला खाली ओढलं. नऊ पन्नासला तो गेला. दहा वीसला मदत येईपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही. सोडायची भीती वाटत होती.

मॅडमनी पुढं नोकरी सोडली. मी निवृत्त होऊन पडेगावात राहतो. मध्यंतरी त्यांचं पत्र आलं. "मी थांबायला लावलं म्हणून बनसोडे गेला. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग आता पुसून टाकणार आहे," असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्याच दिवशी उत्तर पाठवलं:

"आदरणीय मॅडम, सविनय नमस्कार.

गाडी थांबवायचा हुकूम माझा होता. तुम्हाला त्याच दुपारी विमानानं परत पाठवलं, म्हणून एक सांगायचं राहिलं. नंतरच्या तपासात पुलाखाली सुरुंग सापडला. न थांबता गेलो असतो, तर सातांपैकी कुणी उरलं नसतं.

रविवारी दौलताबादला बनसोडेच्या आईंकडं जाऊन आलो, त्या तीस सेकंदांचं सांगितलं. त्यांच्याकडं त्याचे फोटो आहेत. आवाज कशातच नाही.

रेकॉर्डिंग पुसू नका. त्यात तो खाकरला आहे. आईंना तेवढं ऐकायचं आहे."