दाजींची भाकितं

आमच्या दाजींइतकी चुकीची भाकितं करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. "आज नळाला पाणी येत नाय" असं ते म्हणाले, की आमची आई लगबगीनं सगळे हंडे नळाखाली मांडते. वैजापूरचे काका कांदा विकण्याआधी दाजींना फोन करतात, त्यांचा सल्ला अदबीनं ऐकून घेतात आणि बरोब्बर उलट करतात. भाकीत फसल्याचं दाजींना काडीचंही वाईट वाटत नाही. "नमुना छोटा होता," एवढं म्हणून ते पुढचं भाकीत करायला मोकळे!

आता गंमत बघा, या माणसाचं पोटपाणीच भाकितावर चालतं. एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ते जबर जखमी झालेल्यांचं रक्त तपासतात. एकदा त्यांनी ते सगळं आम्हाला शेंगदाण्यांवर समजावलं. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातली फौज. त्यातल्या काही पेशींवर एक खूण असते, दाण्यावरच्या लाल सालीसारखी. मोठा मार बसला की ती पुसट होते, फौज गळाठते आणि जंतूंचं फावतं. खूण लवकर परत उमटली, तर माणूस बहुधा सावरतो. समजावता समजावता दाजींनी खूणवाली आणि बिनखुणेची अशा दोन्ही फौजा फस्त केल्या आणि बहिणीला कुटासाठी नवे दाणे भाजावे लागले.

मग लासूर स्टेशनहून येताना माझ्या धाकट्या भावाला ट्रकनं उडवलं. छातीच्या फासळ्या मोडल्या, मांडीचं हाड मोडलं, श्वास यंत्रावर. दवाखाना दाजींचाच, त्यामुळे त्याचं रक्तही त्यांच्याच हाताखालून जायचं. आई रोज विचारायची, "जावईबापू, उठंल ना माझं पोरगं?" आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेले दाजी खाली बघून म्हणायचे, "उद्याचं रक्त बघू, आई." शेवटी काकांना राहवेना. भर व्हरांड्यात हात जोडून ते म्हणाले, "जावईबापू, एकदा म्हणून टाका, 'ह्यो वाचत नाय'. तुमचं लई उलटं व्हतं बघा!" आम्हाला हसू आलं आणि हसता हसता रडूही. दाजींनी काकांचे हात धरले. "काका, घरात बोलतो ते माझ्या मनाचं असतं. इथं रक्त सांगंल तेव्हाच बोलणार."

एका दुपारी ते चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आले. "खूण वर यायला लागलीय. घाई नको, पण यायला लागलीय." भाऊ घरी आला त्या दिवशी मात्र त्यांना धीर निघेना. "दिवाळीला हा पळत फटाके लावंल," त्यांनी ठोकून दिलं. अर्थात चुकले. भाऊ अजून काठी घेऊन चालतो. पण चालतो.

दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खाटेवर खुलताबादचा एक तरुण होता. त्याची खूण परतलीच नाही. तो गेला त्या दुपारी दाजी त्याच्या वडिलांजवळ बाकावर नुसते बसून राहिले. अजूनही एखाद्या दिवशी ते बहिणीबरोबर आमच्याकडे जेवायला येतात आणि पाण्यावर, कांद्यावर, कशावरच बोलत नाहीत. बहीण भाकरी वाढते. कुणाचं तरी माणूस हातचं चाललंय, हे आम्हाला कळतं; विचारत कुणीच नाही. धाकटा तेवढा काठी टेकत उठतो, आपलं ताट उचलतो आणि त्यांच्या शेजारी जाऊन जेवायला बसतो.