तिच्यावर चालवायचं काय?

अलिबागच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात मी चार गिऱ्हाइकांसमोर ऐटीत म्हणालो, "वायर नको, केबल नको, कॉर्ड द्या."

दुकानदार कोपर आणि अंगठ्याभोवती वायर गुंडाळत होता. गिऱ्हाईक कोणीही असो, मान वर न करता तो एकच प्रश्न विचारतो. मलाही विचारला, "नाव राहू द्या दादा. तिच्यावर चालवायचं काय हाय?"

"वाडीतला पंप." नमुन्याला नेलेली, मध्ये चिकटपट्टी लावलेली माझी जुनी कॉर्ड मी पुढे केली.

त्याने ती दोन बोटांत दाबून पाहिली. "ही टेबलफॅनची. तापते ना?"

"थोडीशी."

"पंप चालू कोण करतं?"

"आमची ही."

आता मात्र त्याने मान वर केली. पक्कड घेतली, माझ्या कॉर्डचे तीन तुकडे केले आणि जाड काळी वायर मोजायला लागला. मला राग आला, तरी पैसे मोजून ती वायर घेतली.

घरी येऊन सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "वायर तापते म्हणून मी महिनाभर ओरडत होते. तेव्हा तुम्ही मला, वायर नाही, कॉर्ड म्हणायचं, असं शिकवत होतात."