कणगीवरची घुबडं

बाबांना कुणी लक्ष ठेवलेलं खपत नाही. आई गेल्यापासून ते तलासरीकडच्या डोंगरातल्या आमच्या पाड्यात एकटेच राहतात, आणि फोन मनात आलं तरच उचलतात. म्हणून मागच्या दिवाळीत मी एक छोटा कॅमेरा नेऊन ओटीवर बसवला, म्हणजे डहाणूत बसून मला मोबाईलवर ते दिसतील. "मी काय कोंबडी आहे, डोळा ठेवायला?" एवढंच बोलले. मीही त्यांचीच मुलगी. कॅमेरा तसाच ठेवून आले.

चार दिवसांनी मोबाईल उघडला तर ओटी गायब. काळोखा माळा, सागाच्या फळ्या, आणि पत्त्यांतल्या बदामासारखं पांढरं तोंड असलेलं एक घुबड माझ्याकडे रोखून बघत होतं. भाताच्या कणगीवरच्या माळ्यात घुबडांच्या जोडीने अंडी घातली होती, आणि बाबांनी कॅमेरा काढून तिकडे लावला होता. त्या दिवशी फोन मात्र लगेच उचलला. "माझ्यापेक्षा ती बघण्यासारखी आहेत," म्हणाले.

दोन दिवस मी धुमसत होते. मग सवय लागली. आशागडच्या शाळेत मी शिकवते. डबा खाताना आम्ही सगळ्या शिक्षिका माझ्या मोबाईलभोवती गोळा व्हायचो. पिल्लं एका दिवशी निघाली नाहीत, त्यामुळे चौघं चार उंचीची. रोज सकाळी एक सुरकुतलेला हात पडद्यावर यायचा आणि फडक्याने काच पुसून जायचा. बाबा बरे आहेत, हे मला त्या हातावरून कळायचं.

मग मोठ्या काकांचा फोन आला. भात झोडून झालं की आमची सगळी भावकी बाबांच्या घरी, कणगीसमोर कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, पूजा करते. त्याशिवाय नवा भात कुणी शिजवत नाही. "देवीच्या डोक्यावर घुबड? तुझ्या बापाला सांग, धुरी घालू दे," काका म्हणाले. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. धुराने ती खाली पडली असती. पण काकांशी वाद घालायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, "तुम्हीच बोला त्यांच्याशी." भित्री ती भित्रीच.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी पडद्यावर काकांचं मुंडासं आलं. शिडीवर चढले होते. पिल्लं फुसफुसत डोलायला लागली. माझा घास तोंडातच राहिला. तेवढ्यात खालून बाबांचा आवाज आला.

"दादा, धुरी घालायची तर तूच घाल. मी शेणी पेटवून देतो."

काका शिडीवरच थांबले. घुबडाला दगड मारला तर ते दगड नेऊन पाण्यात झिजवतं, आणि दगडाबरोबर मारणारा झिजतो, हे त्यांनीच आम्हाला लहानपणी सांगितलेलं.

"त्यांच्यामागे काय पडलंय बघ," बाबा म्हणाले.

"उंदीर आहेत. पाच-सहा."

"पोरीची आई गेल्यापासून दरवर्षी उंदरांनी कणगी फोडली. मी एकटा कुठे पुरा पडणार? यंदा ह्यांनी राखली. राखणदाराला सणाच्या दिवशी हाकलायचं म्हणतोस तर हाकल."

काका एक पायरी खाली उतरले. मग म्हणाले, "पूजा अंगणात घेऊ. कणसरीला म्हणावं, यंदा बाहेर ये."

मला रडू येत होतं आणि मान ताठ झाली होती. आवाज न चढवता अख्ख्या भावकीची रीत घरातून अंगणात नेणारा हा माणूस माझा बाप आहे, हे मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. त्यांना माहीत होतं, तरी सांगितलं.

पूजेच्या दिवशी शाळेला सुट्टी नव्हती. दुपारी मोबाईल उघडला. माळ्यावर चारही पिल्लं पोटावर आडवी होऊन झोपली होती. तेवढ्यात तो हात आला. आज फडकं नव्हतं. सागाच्या पानावर नव्या भाताचा पहिला घास होता, जो आई असताना तिच्या ताटात जायचा. हाताने पान पिल्लांपासून जरा लांब, फळीवर ठेवलं.

घुबडं भात खात नाहीत, हे बाबांना माझ्याहून चांगलं माहीत आहे.