वीतभर जास्तीचा अंतरपाट

अंतरपाटाचं काम एकच असतं. मुहूर्तापर्यंत नवरा-नवरीला एकमेकांची तोंडं दिसू न देणं. मी भरलेल्या अंतरपाटाने तेवढं सोडून बाकी सगळं केलं.

लग्न मुलुंडच्या दादाच्या मुलीचं, मृण्मयीचं. आईच्या दिवसांत मी गिऱ्हाइकांचे फोन घेतले म्हणून दादा चिडला, मी त्याच्याहून जास्त चिडले, आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. (गाळ्याचं भाडं सुतक पाळत नाही, हे त्याला कोण सांगणार?) पण मृण्मयी स्वतः अंधेरीला माझ्या भरतकामाच्या गाळ्यावर आली. "आत्या, अंतरपाट तूच भर. मधोमध मोठ्ठं स्वस्तिक!" मला वाटलं, चला, त्या घरात पुन्हा आपलं नाव निघेल.

कापड मालाडच्या बाजारात घेतलं. दुकानदाराने मापलं, मधोमध दुमडून घडीवर नख फिरवलं आणि कात्री उचलली. मी कात्रीवर हात ठेवला.

"वीतभर जास्त सोडा."

"ताई, सिल्क आहे!"

"मग? मी काय गोणपाट मागतेय?"

त्याने सुस्कारा सोडला आणि वीतभर पुढे कापलं. असं काही उकळल्याशिवाय मला दुकानाची पायरी उतरता येत नाही.

भरतकामाच्या यंत्राच्या रिंगेवर खुणा असतात. कापडाचा मध्य त्या खुणांशी जुळवायचा, एवढंच. आमचे हे म्हणाले, "एकदा टेप लावून बघ."

"घडी दिसतेय ना चांगली ठसठशीत? आयुष्य गेलं माझं ह्यात!"

तेवढ्यात वहिनीचा फोन. "वन्सं, उगाच त्रास कशाला घेताय? हल्ली तयार मिळतात हो, छान फिनिशिंगचे."

मी फोन आपटला, रिंग आवळली, यंत्र सुरू केलं.

स्वस्तिक देखणं झालं. जरीची किनारही लावली. मग इस्त्रीसाठी टोकाला टोक जुळवलं, तर स्वस्तिक मध्यापासून अर्धी वीत सरकलेलं! दुकानदाराने नख फिरवलं ते मला वीत मिळायच्या आधी. कापड एका बाजूने वाढलं, घडी होती तिथेच राहिली.

"मग जास्तीचं कापून टाक," हे म्हणाले.

"भांडून मिळवलेलं कापड कापू?"

(किनार लावून झाली होती, हेही एक कारण होतंच.)

हॉलमध्ये मृण्मयीच्या हट्टाने एक टोक दादाकडे, एक माझ्याकडे. मंगलाष्टकं सुरू झाली आणि वरपक्षातल्या एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "स्वस्तिक त्या बाजूला का गेलंय?"

स्वस्तिक दादाच्या अंगाला होतं. मी हळूच माझ्याकडे ओढलं. त्याने त्याच्याकडे ओढलं.

"शैला, ओढू नकोस."

"तूच सोड ना जरा!"

"अहो, अष्टकं चाललीत!" गुरुजी मध्येच थांबून म्हणाले.

मी हिसका दिला. दादाच्या हातातलं टोक सुटलं. नवरा-नवरी समोरासमोर! नवरा बिचारा सभ्य. ओळख करून दिल्यासारखा हसला. लोकांना वाटलं, लागलं लग्न. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, कोणीतरी पेढेही वाटायला काढले. मग सगळ्यांना गप्प करून उरलेली अष्टकं म्हटली, आणि खऱ्या मुहूर्ताला अर्ध्या हॉलने रिकाम्या मुठी उडवल्या.

दादा ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि जेवणापर्यंत सगळं मिटलं असतं. आमच्या घरात ते असंच मिटतं. पण तो हळू आवाजात "राहू दे," म्हणाला आणि माझ्या हातातलं टोक काढून वहिनीच्या भावाला दिलं. मी उशिरापर्यंत पंगतीत वाट बघितली. आग्रह करायला तो माझ्यापर्यंत आलाच नाही.

मृण्मयी माहेरपणाला आली तेव्हा तिला भेटायला गेले. (दादाने बोलावलं नव्हतं.) दिवाणखान्यात अंतरपाटाचा भलामोठा फोटो, हिसक्याच्या आधीचा.

"बघा वन्सं," वहिनी म्हणाली, "फोटोवाल्याने स्वस्तिक कसं बरोबर मधोमध आणून दिलं!"

खरंच आणलं होतं. त्यासाठी त्याला फोटोची एक बाजू कापावी लागली. दादा फेट्यासकट पूर्ण आहे. माझ्या बाजूला, चौकटीच्या अगदी कडेला, एक अंगठा उरलाय.

अंगठा मात्र चांगला आलाय.