घोटभर पाणी

आमच्या वडिलांना, अण्णांना सांभाळणारी आक्का त्या दिवशी दुपारच्या गाडीने लेकीच्या बाळंतपणाला जायची होती. बॅग सकाळपासून दाराशी होती. लेकीचं पहिलं मूल पोटातच गेलेलं. या खेपेला आई जवळ हवी, एवढाच लेकीचा हट्ट. पण अण्णांना दुसऱ्या हाती नीट सोपवल्याशिवाय आक्का उंबरा ओलांडणार नाही, हे आम्ही ओळखून होतो. खरं सांगायचं तर त्याच भरवशावर निर्धास्त होतो.

तो दुसरा हात मिळेना, हीच तर रड होती. एजन्सीवाला फोन उचलायचा तोच सुस्कारा टाकून. माणसं येतच नाहीत हो, म्हणायचा. एक आली ती डायपर बदलायचं ऐकून जिन्यातूनच परतली. दुसरी थोडे दिवस टिकली आणि कपड्यांच्या दुकानात लागली. तिथे दिवसभर उभं राहावं लागतं, पण लोक निदान ताई म्हणतात, असं आक्काला सांगून गेली. तिसरी आमच्या हातावर तुरी देऊन पसार झाली. आजकाल कोणाला कष्ट नकोत, हे माझ्या दादाचं मत. दादा स्वतः अण्णांच्या खोलीत दारापर्यंतच येतो. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला छान जमतं.

आता ही चौथी. पस्तिशीची, अबोल, शिवणकामाचा कारखाना बंद पडला म्हणून इकडे वळलेली. आक्काने तिला आल्याआल्या कामाला जुंपलं. कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून उशी कुठे द्यायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून अण्णांना नीट गिळता येत नाही. साधं पाणी दिलं तर ते श्वासनलिकेत जातं. म्हणून त्यात पावडर कालवून मधासारखं घट्ट करायचं आणि चमच्याने भरवायचं. अण्णांना तो चिकटा मुळीच आवडत नाही. नवं माणूस दिसलं की ते तांब्याकडे बघून ओठ चाटतात. आक्का बधत नाही.

आक्का चादरी वाळत घालायला गच्चीत गेली आणि मी स्वयंपाकघरात. तेवढ्यात खोकला ऐकू आला. तो नेहमीचा खोकला नव्हता. मी धावले तर अण्णांचा चेहरा जांभळा, डोळे बाहेर आलेले, आणि नवी बाई हातात पेला धरून थिजलेली. मी आक्काला हाक मारली, ती कशी बाहेर पडली ते मला माहीत नाही.

आक्का आली. काही न विचारता तिने अण्णांना उठवून बसवलं, पुढे वाकवलं, छातीला हात लावून धरलं. "खोका अण्णा. अजून. सोडू नका." ती पाठ थोपटत राहिली. शेवटी घरघर थांबली. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण रंग परत आला.

मग आवाज ऐकून दाराशी आलेल्या दादाला कंठ फुटला. हिला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, म्हणाला. नवी बाई मान खाली घालून आपली पिशवी शोधू लागली.

"काढा," आक्का म्हणाली. "मी गेल्यावर अण्णांना तुम्ही वळवा."

दादा दारातून मागे सरला. आक्काने नव्या बाईला विचारलं, सांगितलं होतं ना, मग का दिलंस?

"ते सारखे ओठ चाटत होते. मलाही सकाळपासून तहान लागली होती," ती म्हणाली. "राहवलं नाही मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आल्यापासून आम्ही तिला सतरा गोष्टी दाखवल्या होत्या, पाण्याचं कोणी विचारलं नव्हतं. आधीच्यांनाही विचारलं असेल, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आक्का स्वतःची बाटली घेऊन येते, हे मला तेव्हा कुठे दिसलं.

मी पेला भरून आणला. "घ्या ताई," म्हटलं. तिने तो उभ्याउभ्या संपवला. दुसरा भरून दिला, तोही.

आक्काने घड्याळ पाहिलं, पण हलली नाही. ती अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होती. श्वास पूर्ण संथ झाल्यावरच तिने खूण केली. नवी बाई पावडर कालवायला बसली. अण्णांनी तोंड फिरवलं आणि तिच्या रिकाम्या पेल्याकडे बघून ओठ चाटले. तिने पेला उचलून पलंगाखाली ठेवला.

"नाही अण्णा," ती म्हणाली. "तुमचं हेच."

बराच वेळ अण्णा तिच्याकडे रागाने बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं. आक्काने त्यांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, घोट खाली उतरू दिला, आणि चपला घालायला गेली.