अक्कांचा लाल रंग

माझ्या थोरल्या जाऊबाई कोरेगावच्या. त्यांना मी अक्का म्हणायची. सांगलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी नाताळच्या कुकीज करायचो. मिरजेतल्या ख्रिस्ती घरांतून आणि एका शाळेतून मागणी असायची. भाजायचं काम माझं आणि वरच्या रॉयल आयसिंगचे, म्हणजे साखरेच्या घट्ट लेपाचे, रंग अक्कांचे.

लाल सगळ्यात अवघड. पांढऱ्याशुभ्र आयसिंगमध्ये खायच्या रंगाचा जेल कालवला की आधी गुलाबी होतं, मग कलिंगडासारखं. तिथं धीर सुटला आणि रंग ओतत राहिलं की चव कडू होते. अक्का दात कोरायच्या काडीच्या टोकावर रंग घेऊन कालवायच्या आणि वाटी ओल्या फडक्यानं झाकायच्या.

"आता हात लावू नगंस. दुपारपतोर आपसूक लाल हुतंय."

आणि व्हायचंही.

एका डिसेंबरात त्यांच्या हातातून आयसिंग भरलेला कागदी कोन निसटला. उचलला, पुन्हा निसटला. "बोटांत जीवच न्हाई गं," त्या हसून म्हणाल्या. आम्ही तेल चोळलं, शेक दिला. पुढं पदर खोचता येईना, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथं कळलं, स्नायूंना चालवणाऱ्या नसाच मरत चालल्यात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास.

भावजी, म्हणजे अक्कांचे यजमान, फौजेतून निवृत्त झालेले. ते खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. "आवं डॉक्टर, मग करायचं काय?"

"सांभाळायचं," डॉक्टर म्हणाले.

परतताना सातारा आल्यावर भावजींनी विचारलं, "कोरेगावला जाऊन आईला भेटायचं का?"

"नगं," अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तिला बघवायचं न्हाई." पुढं कऱ्हाडला चहाला थांबलो. भावजींनी कप त्यांच्या ओठांना लावला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती. भावजींनी त्यांच्याकडं पाठ केली आणि चहा संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

पुढच्या नाताळात अक्का खुर्चीत बसून सांगायच्या आणि मी रंग कालवायची. जीभ जड झाली होती, पण मला समजायचं. त्याच्या पुढच्या वर्षी बोलणं गेलं. पोटात नळी बसवलेली. होय असेल तर डोळे मिटायचे, नसेल तर उघडे ठेवायचे, एवढंच उरलं. तरी मी वाट्या त्यांच्या तोंडासमोर धरायची. "बास का?" डोळे उघडेच. आणखी थोडा. "आता?" मिटायचे.

शाळेची ऑर्डर होती त्या सकाळी मी लालची वाटी पुढं केली, तर त्या वाटीवरून नजर हलवेनात. बास का म्हटलं, नाही. कमी आहे का, नाही. काय हवंय ते मला कळेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी भावजींनीच विचारलं, "चाखायचंय व्हय?"

डोळे घट्ट मिटले.

तोंडावाटे काहीही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी भावजींकडं पाहिलं. ते म्हणाले, "दे."

मी बोटाच्या टोकाला लागेल एवढंच घेऊन जिभेवर ठेवलं. क्षणभर त्यांचा चेहरा शांत झाला. मग ठसका लागला. तो थांबेचना. ओठ निळे पडले. भावजींनी थुंकी ओढायचं मशीन लावलं, मी पाठ धरून बसले. श्वास थाऱ्यावर आला तेव्हा ओठाच्या कडेला लाल ओघळ होता. मी तो पुसला.

"कडू झालंय का हो, अक्का?"

त्यांनी डोळे मिटले.

मी ती वाटी मोरीत ओतली आणि नव्यानं आयसिंग फेटायला घेतलं. त्या बघत होत्या.

संक्रांतीच्या आधी अक्का गेल्या. कोरेगावहून त्यांच्या आई आल्या, पण लेकीजवळ बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

पुढच्या नाताळात शाळेतून फोन आला तेव्हा मी नाही म्हणेन असं मलाच वाटलं होतं. हो म्हणाले. सगळे रंग एकटीनं केले. कुकीज गेल्या आणि संध्याकाळी फोनवर निरोप आला, यंदाही अगदी नेहमीसारख्याच झाल्यात.

भावजी बाहेरच्या खोलीत बसले होते. "कुणाचा फोन?" त्यांनी विचारलं.

"शाळेचा. पोचल्या म्हणाले," एवढंच मी सांगितलं.