हौसाला बघायला बावड्याला

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हैस धुण्याचं. मी पाणी ओतत होतो, माझी बायको हौसा काथ्यानं घासत होती. "म्हशीवर वता, माज्या लुगड्यावर नगं," एवढं बोलली. दुसऱ्या पहाटे छातीत कळ आली आणि बारामतीच्या दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली.

तीन महिन्यांनी मी बावड्याला निघालो, तिला टीव्हीवर बघायला.

नीलाताई फिल्म काढतात. आधी मुंबईत साबणाच्या जाहिराती काढायच्या. ते सोडून पाणी, माती, मजूर यांच्यामागं लागल्या. आमच्या कोऱ्हाळ्यात उसाला पाणी पाजून पाजून चोपण (मीठ फुटून मेलेली) झालेली जमीन त्यांनी कॅमेऱ्यात टिपली, तेव्हा हौसा बोलली होती. ताईंचा नेम असा, की ज्याला टिपलं त्याला फिल्म आधी दाखवायची आणि तो नको म्हणाला तर कापायचं. हौसा राहिली नाही, म्हणून हो-नाही माझ्याकडं आलं. ती माझ्याबद्दल काय बोलली ते मी बांधावरून ऐकलं होतं. गावासमोर बघायची लाज वाटत होती. फिल्ममध्ये बावड्याचीही माणसं होती, त्यांना दाखवायला ताई चालल्या होत्या. तिथं मला कोण ओळखतंय? मागं टीव्ही ठेवलेल्या त्यांच्या जीपमध्ये मी बसलो.

बारामती सुटताच सांगून टाकलं, "ताई, हौसाचं ते बोलणं कापा. मी नुसता तोंडवळा बघाया आलोय."

"आधी बघा, तात्या. मग म्हणाल तर कापीन."

"आन फिलम मोडली तर?"

"मोडू दे. एका विणकर बाईनं नको म्हटलं, तर सगळं काम पेटीत ठेवलं मी. अजून तिथंच आहे."

बाई पक्की होती.

भिगवणच्या पुढं उजनीचं पाणी लांबवर चमकत होतं. लोणी देवकरला चाक पंक्चर झालं. माळावर कारखान्यांसाठी खांब रोवले होते. चहा बरा मिळाला, भजी गार. पंक्चरवाल्यानं मागं डोकावून विचारलं, "टीव्ही हुंड्यात मिळाला का, तात्या?"

"माजी बायकू हाय त्यात."

त्यानं मान बाहेर काढली आणि चाक बसवायला घेतलं.

बावड्यात फिल्ममधल्या आबांच्या घरी हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पेज) प्यालो. पूर्वी त्यांची मेंढरं होती, आता ऊस आहे. घोंगड्या मात्र जपलेल्या. भर दुपारी शाळेच्या खिडक्यांना त्याच लावून अंधार केला.

टीव्हीवर हौसा आली. पदर खोचलेला, हातात खुरपं. म्हणाली, "ह्यास्नी म्या सांगत हुते, पाणी कमी द्या. म्हनले, पाटाचं पाणी हाय, तुज्या बापाचं न्हाय. आता बगा, मीठ पिकतंय."

खोली हसली. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "ऐका. तुमचीच गोष्ट चाललीय."

"तिचा मालक येडा असंल," नवरा म्हणाला.

आबांनी ताईंना विचारलं, "हाय का जित्ता तो?"

ताईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी उठलो. "हाय. मीच त्यो."

आबांनी सरकून जागा केली आणि हळूच विचारलं, "मग ती म्हनती ते खरं हाय का?"

"सगळं खरं हाय. तिनं कमीच सांगितलं."

मग त्या बाईचा नवरा माझ्याशेजारी येऊन बसला. जमीन पांढरी पडायच्या आधी काय दिसतं, उगवण कुठून मरते, एवढंच विचारत राहिला. मी सांगत राहिलो.

परतताना ताईंनी विचारलं, "कापायचं का?"

"ऱ्हाऊ द्या."

आयुष्यभर तिला गप बस म्हणालो. ती गेल्यावरही तेच करायला निघालो होतो.

ताई मुक्कामाला आमच्याकडंच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चोपणात नेलं. कॅमेरा लावायला सांगितला, पायताण काढून मिठात उभा राहिलो आणि म्हणालो, "ही जमीन म्या मारली. कशी मारली, ते सांगतो."